मानेच्या वर नको

साळुंखे सिस्टर अण्णांच्या नाकावर चिकटपट्टी बसवत होत्या आणि ती बसत नव्हती. तिसऱ्यांदा त्यांनी पट्टी अंगठ्यानं दाबून धरली, मनात दहा आकडे मोजले, हात काढला, आणि आमच्या डोळ्यांदेखत पट्टीचा वरचा कोपरा हळूच सुटून उभा राहिला.

"नाक फार तेलकट हाय आजोबांचं," सिस्टर म्हणाल्या. "ताई, बाकी कशाचं राहू द्या, पण हितं तुमी रोज ध्यान द्यायचं. ही पट्टी सुटली की नळी सुटली म्हणून समजा."

अण्णा म्हणजे माझे वडील, रघुनाथ खटावकर. फलटणच्या पोस्टात काउंटरवर बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. आषाढात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं आणि गिळणंही गेलं. तीन आठवडे दवाखान्यात राहून ते घरी आले ते नाकातून थेट पोटात जाणारी नळी घेऊन. त्यांचं खाणं, पाणी, औषधं, सगळं आता त्या नळीतून जायचं होतं. मी त्यांची मुलगी वृंदा, तेव्हा छत्तीस वर्षांची, मुलींच्या शाळेत ग्रंथपाल. माझं लग्न का झालं नाही हा या गोष्टीचा विषय नाही. गावात तो पुष्कळांनी आपला विषय करून घेतला होता. धाकटा भाऊ जयवंत नोकरीनिमित्त नाशकात. घरात आम्ही तिघं, आणि आईचे हात थोडे थरथरायचे, म्हणून नळीचं सगळं माझ्याकडे आलं.

सिस्टरनी मला तासभर बसवून शिकवलं. पट्टी कापायची ती पँटसारखी, वर कंबर आणि खाली दोन पाय. कंबर नाकावर बसवायची, एक पाय नळीभोवती उजवीकडून गुंडाळायचा, दुसरा डावीकडून. नाकपुडीच्या तोंडाशी त्यांनी नळीवर पेनानं काळी रेघ मारली. भरवण्याआधी ती रेघ जागेवर आहे का बघायचं, मग सिरिंज लावून मागे ओढायचं. पोटातलं पाणी सिरिंजमध्ये आलं तर नळी पोटात आहे. आलं नाही तर नळीचं टोक वाटीतल्या पाण्यात बुडवायचं. बुडबुडे निघाले तर ती श्वासाच्या वाटेत शिरली.

"आणि रेघ बाहेर दिसली, तर परत आत ढकलायची न्हाई," त्या म्हणाल्या. "मला बोलवायचं. मी नसले तर दवाखान्यात न्यायचं. पण ढकलायची न्हाई. म्हणा बघू."

मी शहाण्या मुलीसारखं म्हणून दाखवलं.

अण्णांचा चेहरा जन्मभर असाच होता. सकाळी आठ वाजता धुतलेला चेहरा दहा वाजता कपाळापासून हनुवटीपर्यंत चकाकायला लागे. पोस्टात त्यांना मागून 'तुकतुकीत मास्तर' म्हणत. तेही त्यांना ठाऊक होतं. कुठल्याही ग्रुप फोटोत ते शेवटच्या रांगेत उभे राहायचे, कारण फ्लॅशचा उजेड सगळ्यांना सोडून त्यांच्या कपाळावर येऊन बसे. त्यांच्या खिशात चौघडी केलेले दोन रुमाल असत. एक लोकांना दिसणारा, आणि दुसरा खास चेहऱ्याचा.

तो चेहरा त्यांनी मला दिला. जयू आईवर गेला, कोरडा आणि सावळा, मी अण्णांवर. तेराव्या वर्षी माझ्या कपाळावर मुरमं उठली तेव्हा मी दिवसातून सहा वेळा कपड्याच्या साबणानं तोंड घासत होते, वर लिंबू चोळत होते. गालाची सालं निघाली. एके दिवशी अण्णांनी मला मोरीतून हाताला धरून बाहेर आणलं आणि समोर बसवलं. मुलींच्या असल्या गोष्टीत बापांनी लक्ष घालायची त्या काळी पद्धत नव्हती. पण ते अगदी पोस्टाचा नियम सांगावा तसे सांगू लागले. जितकं घासशील तितकं तेल वर येतं. दिवसातून दोनदा धुवायचं, साध्या साबणानं, कोमट पाण्यानं, बोटांच्या पेरांनी. मधल्या वेळात पुसायचं नाही, टिपायचं. मग त्यांनी पोस्टातून आणलेल्या टिपकागदाचे छोटे चौकोन माझ्या कंपासपेटीत घालून दिले. कपाळावर नुसता ठेवायचा आणि उचलायचा. कागदावर तेलाचा डाग उमटला की तो मुडपून टाकायचा, कुणाला दाखवायचा नाही.

"हे आपल्या दोघांचं," ते म्हणाले. मला त्या दिवशी ते फार आवडले, आणि पुढंही कधी नावडले नाहीत.

अशा माणसानं स्वतःच्या चेहऱ्याला दुसऱ्याचा हात लागू देणं शक्यच नव्हतं. न्हाव्यानंसुद्धा दाढी करून झाली की तोंड न पुसता बाजूला व्हायचं. आणि दर दिवाळीत पाडव्याच्या सकाळी हे ठरलेलं. पाडव्याला बायकोनं नवऱ्याला तेल लावून न्हाऊ घालायचं. आई पाट मांडे, तेल कोमट करून आणे, पाठ, दंड, पोटऱ्या चोळे. तिचा हात वर सरकला की अण्णा म्हणत, "मानेच्या वर नको." आई दर वर्षी थोडा हट्ट धरून बघे. एवढं बोटभर लावते, शकुनाचं, असं म्हणे. ते मान मागे घेत. आम्ही हसत असू. अडतीस पाडवे हे असं चाललं, आणि त्यात आईला काही लागत असेल असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आता तो चेहरा माझ्या ताब्यात आला. सिस्टरनी स्पिरिटनं नाक पुसायला सांगितलं होतं, पण चार दिवसांत नाक लाल झालं आणि तेल दुप्पट सुटलं. अण्णांचंच म्हणणं अण्णांवर खरं ठरलं. मग मी त्यांनी मला शिकवलेलं सगळं त्यांनाच लावलं. सकाळ-संध्याकाळ जुनी पट्टी पाण्यानं भिजवून सोडवायची, दुसऱ्या हातानं नळी धरून. कोमट पाण्यात बुडवलेल्या मऊ फडक्यावर साबणाचा थेंब, तो पेरांनी. मग नुसतं पाणी. मग कोरडं फडकं, नुसतं ठेवायचं आणि उचलायचं. मग टिपकागद. पाच मिनिटं थांबून नवी पट्टी. ती दिवसभर टिके. सिस्टर तीन आठवड्यांनी नळी बदलायला आल्या तेव्हा म्हणाल्या, की दवाखान्यातसुद्धा इतकी कोरडी नाकं नसतात. शेजारच्या बायका म्हणायच्या, वृंदा नर्सच्या वरची नर्स झाली. मी वरवर नाही म्हणायचे. आत मला ते बासुंदीसारखं गोड लागायचं. हे सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात या गोडीचा हात आहे.

अण्णांना किती कळत होतं, ते डॉक्टरांनाही नीट सांगता येईना. डोळे उघडे असत. डावा हात थोडा हलायचा. तो हात सारखा वर, कपाळाकडे जाऊ बघायचा, रुमाल शोधत असल्यासारखा. नळी ओढली जाईल म्हणून आम्ही तो धरून खाली ठेवायचो.

पाडव्याच्या दिवशी सकाळी साडेसहाला मी दूध आणायला गेले. जयू आणि त्याची बायको दहाच्या गाडीनं येणार होते, दुसऱ्या दिवशी भाऊबीज. परत यायला मला अर्धा तास लागला असेल, कारण वाटेत दोघीतिघींनी अण्णांची चौकशी केली आणि मी सविस्तर सांगितलं. घरात आले तर आई अण्णांच्या पलंगावर बसली होती. तिनं नवी हिरवी साडी नेसली होती. मांडीशी तेलाची वाटी. तिनं एका हातात त्यांचा डावा हात धरला होता आणि दुसरा हात त्यांच्या कपाळावरून, गालांवरून, नाकावरून हळूहळू फिरत होता. त्यांचा अख्खा चेहरा तेलानं न्हायला होता.

ती माझ्याकडे बघून हसली. इतकी वर्षं झाली, तसं हसताना मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं.

"बघ," ती म्हणाली. "या वर्षी नको म्हणाले नाहीत."

अण्णांचा डावा डोळा पाझरत होता. तो एरवीही पाझरायचा. त्यांना ते हवं होतं की नको होतं, ते सांगायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. आई वाटी घेऊन उठली, आता पाणी तापत ठेवते, उटणं कालवते, मग औक्षण करू, असं स्वतःशीच म्हणत आत गेली.

ती गेल्यावर मी बघितलं. पट्टीची कंबर नाकावरून निसटून एका बाजूला लोंबत होती. नळीवरची काळी रेघ नाकपुडीपासून चार बोटं बाहेर आली होती.

सिस्टरना फोन करता आला असता. त्या भाऊबीजेला गावी जाणार होत्या, म्हणजे अजून इथंच होत्या, आणि नंबर भिंतीवर लिहिलेला होता. दवाखान्यात नेता आलं असतं. कोपऱ्यावर रिक्षा उभी असायची. मी दोन्ही केलं नाही. सिस्टर आल्या असत्या तर आईला कळलं असतं, की तिच्या तेलानं नळी निघाली. तिचा तो चेहरा मला मोडायचा नव्हता. हे एक कारण, आणि ते खरं आहे. दुसरंही तितकंच खरं आहे. तीन महिने मी ती नळी सांभाळली होती, मला वाटत होतं की आता मला सगळं येतं. दहा वाजता जयू आला की त्याला सगळं ठाकठीक दिसायला हवं होतं, अण्णा टापटीप, पट्टी सरळ, नर्सच्या वरची नर्स शेजारी उभी.

मी साबणाच्या पाण्यानं त्यांचं नाक पुसलं. टिपलं. मग नळी धरली आणि "अण्णा, गिळा" म्हणत चार बोटं आत सारली. ती गेली. त्यांना एकदा ठसका लागला आणि थांबला. रेघ नाकाशी आली. मी नवी पट्टी लावली, ती छान बसली. सिरिंज लावून मागे ओढलं, काही आलं नाही. पूर्वी एकदा असंच काही आलं नव्हतं, आणि तेव्हा सगळं बरोबर निघालं होतं. पाण्याची वाटी स्वयंपाकघरात होती, आणि स्वयंपाकघरात आई होती. मी वाटी आणायला गेले नाही. साताची वेळ टळत होती. मी दुधातली नाचणीची पातळ पेज भरवायला सुरुवात केली.

निम्मी गेली असेल. त्यांच्या घशातून घुंगुर वाजल्यासारखा आवाज यायला लागला. मी थांबले, त्यांना उठवून बसतं केलं, पाठ थोपटली. ओठांचा रंग बदलला. आईला हाक मारली. ती उटण्याच्या हातानं बाहेर आली.

रिक्षात मी त्यांना धरून बसले होते आणि आई त्यांच्या पायाशी. दवाखान्यात त्यांना आत नेलं. थोड्या वेळानं एक तरुण डॉक्टर बाहेर आले. अन्न फुप्फुसात गेलं, असं ते म्हणाले. नळी जागेवर नव्हती. सकाळी ती सरकली होती का, कुणी काही केलं का, असं त्यांनी विचारलं. ते माझ्याकडे बघून विचारत होते. मी तोंड उघडलं. पण आई आधी बोलली.

"मी तोंडाला तेल लावलं," ती म्हणाली. "मीच लावलं. पाडवा होता म्हणून. त्यानं पट्टी सुटली असेल."

डॉक्टरांनी मान हलवली, कागदावर काही लिहिलं आणि गेले. माझं उघडलेलं तोंड मी मिटलं. तेवढाच क्षण होता. त्यानंतरही हजार क्षण आले, पण तो पहिला गेला की बाकीचे जाणं सोपं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

जयू बसस्टँडवरून परस्पर दवाखान्यात आला. अण्णा दुसऱ्या दिवशी दुपारी चारला गेले. भाऊबीज होती. व्हरांड्यात जयूनं आईला विचारलं, तुला कुणी सांगितलं होतं तेल लावायला. मग तो हळू आवाजात म्हणाला, आणि हळू म्हणाला म्हणून ते जास्त लागलं, "जन्मभर नको म्हणत होते. आता बोलता येत नाही म्हणून लावलंस."

मी तिथं तीन हातांवर उभी होते. मला वाटलं, आत्ता सांगावं. मग वाटलं, तेरावा होऊ दे. तेरावा झाला, जयू नाशकाला गेला, आणि फोनवर सांगण्यासारखी गोष्ट ही नव्हे असं मी ठरवलं. तो पुढं वर्षातून एकदा यायचा, श्राद्धाला. सकाळी यायचा आणि संध्याकाळी जायचा. आईशी बोलताना तो तिच्याकडे बघत नसे.

आईनं त्या दिवसापासून तेल हातात धरलं नाही. स्वतःच्या केसांना लावायचं तेही बंद केलं. केस कोरडे, पिंजारलेले राहायचे. आमच्या घरी पुढं अभ्यंगस्नान झालं नाही. दिवाळीच्या सकाळी आम्ही दोघी रोजच्यासारखी अंघोळ करून रोजच्यासारखा चहा प्यायचो. चौथ्या वर्षी जयूला मुलगी झाली. सूनबाई भली बाई. तिनं मनानं पुढाकार घेतला, बाळाला घेऊन महिनाभर फलटणला आली, म्हणाली, आई, बाळाचं तेल-मालिश तुम्हीच करा, तुमच्या हातचं मला हवं. आईनं बाळाला मांडीवर घेतलं, पुष्कळ वेळ बघितलं. मग सुनेकडे परत दिलं. "माझ्या हातानं नको," म्हणाली. सून मोरीपाशी बसून, फोनवर आपल्या आईला विचारत विचारत मालिश करायची, आणि आई पाठ करून गहू निवडत बसायची. मी हे महिनाभर पाहिलं. माझी जेवणं चालू होती, झोप येत होती, शाळेत पुस्तकांना नंबर घालणं चालू होतं. माणूस कशालाही सरावतो, आणि मी तर लवकर सरावले.

अकरा वर्षं अशी गेली. आई शहात्तरची झाली. मार्गशीर्षात तिला ताप आला, साधाच, पण उतरता उतरेना. एका दुपारी मी तिच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत होते. ती डोळे मिटून होती. मला वाटलं झोपली.

"वृंदे," ती म्हणाली, "मला मरायची भीती वाटते."

मी म्हटलं, असं काही नाही, साधा ताप आहे, दोन दिवसांत उठशील.

"तसली भीती नाही गं. वर गेल्यावर हे भेटतील. भेटतात म्हणतात. मी काय सांगू त्यांना? म्हणतील, अडतीस वर्षांत एवढी एकच गोष्ट तुला नको म्हणालो होतो." तिनं डोळे उघडले. "त्यांना वाईट वाटेल असं बोलायचे नाहीत ते कधी. नुसतं बघतील. ते मला सोसायचं नाही."

फडकं माझ्या हातात होतं. मी ते वाटीत ठेवलं आणि सांगितलं. सगळं सांगितलं, क्रमानं. रेघ चार बोटं बाहेर होती. ढकलायची नाही हे मला माहीत होतं. मी ढकलली. सिरिंजमध्ये काही आलं नाही, तरी भरवलं. तेलानं नुसती पट्टी सुटली होती. तेवढ्यानं माणूस जात नाही. मी सिस्टरना बोलावलं असतं तर अर्ध्या तासात नवी नळी बसली असती आणि तुझं औक्षण झालं असतं. अण्णा तुझ्या हातानं गेले नाहीत. माझ्या हातानं गेले.

मला वाटलं होतं ती रडेल. किंवा माझ्या पाठीवर हात ठेवेल. खोटं कशाला बोलू, मनाच्या एका कोपऱ्यात मी तेही धरून चालले होते. निदान तिच्या जिवावरचा दगड उतरेल, आणि तो उतरवल्याचं थोडं पुण्य मला लागेल, असा माझा हिशेब असणार.

ती छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दवाखान्यात मी बोलले तेव्हा तू शेजारी होतीस."

"होते."

"जयू मला बोलला तेव्हा?"

"होते."

"बाळ परत दिलं तेव्हाही होतीस." हे तिनं विचारलं नाही, नुसतं म्हटलं. मग माझ्याकडे वळली. तिचा आवाज तापानं बसला होता, त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "अकरा वर्षं तू रोज माझ्यासमोर बसून जेवलीस, वृंदे."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता जयूला फोन करते, त्याला सगळं सांगते, तो तुझ्या पायाशी येईल. मी खरंच उठले होते.

"नको," ती म्हणाली. "त्याला सांगू नकोस."

"का?"

"त्याची आई तर तेव्हाच गेली. बहीण तरी राहू दे त्याला."

दोन दिवसांनी ताप उतरला. आई उठली, तुळशीला पाणी घालू लागली, भाजी चिरू लागली. माझ्याशी बोलायची, कधी अबोला धरला नाही. शाळेत काय झालं विचारायची, उशीर झाला तर फाटकाशी उभी राहायची. एकच बदल झाला. ती माझं ताट वाढायची, पाणी ठेवायची, आणि आत निघून जायची. माझं उरकलं, मी हात धुतले, की मग आपलं ताट घेऊन बसायची. पहिल्या दिवशी मी म्हटलं, आई, ये की, गार होतंय. ती म्हणाली, तू जेव, मला अजून भूक नाही. दुसऱ्या दिवशीही भूक नव्हती. तिसऱ्या दिवशी मी विचारायचं सोडलं. ती त्यानंतर साडेतीन वर्षं जगली आणि आम्ही एकदाही एका वेळी जेवलो नाही.

तिच्या तेराव्याला जयू आला होता. पाहुणे पांगल्यावर भाऊ-बहीण दोघंच राहिलो. तो आता पन्नाशीला आलेला, डोक्यावरचे केस गेलेले, मऊ झालेला. मी पान वाढलं. दोन घास खाऊन तो थांबला आणि आईची आठवण काढू लागला. फार कठोर वागलो मी तिच्याशी, असं म्हणाला. मग जरा सावरला, डोळे पुसले.

"पण खरं सांगू का वृंदाताई," तो म्हणाला, "तिनं त्या दिवशी तेल लावलं नसतं, तर अण्णा अजून पाच-सात वर्षं सहज होते."

मी त्याच्या पानात भात वाढला, वरण वाढलं, आणि त्याच्यासमोर जेवायला बसले.